आधी पाणी, मग पत्रा

जुनी फियाट घेऊन येणारा माणूस फ्लोअर सडलाय असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, पावसात पाय ओले होतात. नाहीतर म्हणतो, गाडीत कुबट वास येतो, काही केल्या जात नाही. नाहीतर मागचं दार उचलून लावावं लागतं, बिजागरी बदलून द्या. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. रबरी मॅट उचलायची, तिच्याखालचं फेल्ट उचलायचं, की तळाचा पत्रा दिसतो. तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि सगळी गाडी त्याच्या भरवशावर उभी असते.

मी पत्रेकाम करणारा माणूस आहे. कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजात हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो, तिथेच हातोडी आणि डॉली धरायला शिकलो. आता बदलापूरला माझी शेड आहे आणि तिथे जुन्याच गाड्या येतात. त्यात फियाट जास्त. पेंटचं काम मी बाहेर देतो, इंजिनाला हात लावत नाही. पण गाडीचा तळ मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायला माझं मन होत नाही. वीसेक वर्षं हे काम केल्यावर माझी एक खात्री झाली आहे. भोक बुजवणं हा या कामाचा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पत्रा ज्या पाण्याने खाल्ला ते पाणी कुठून आलं, कुठे थांबलं आणि कुठून बाहेर पडायचं राहून गेलं, हे कळल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

फियाट ११००ला वेगळी चॅसी नाही, हे गाडीवाल्याला आधी समजावून सांगावं लागतं. जीपखाली लोखंडी शिडीसारखी चॅसी असते, तिच्यावर वरची बॉडी बसवलेली असते. तिथे पाय ठेवायचा पत्रा गळून पडला तरी गाडी चालते. फियाटने १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी ११०० दाखवली तेव्हा ती चॅसी काढून टाकली होती. तळ, दाराखालच्या पोकळ पेट्या, मधला बोगदा, सीटखालचा आडवा मेंबर, खांब, छप्पर हे सगळं स्पॉट वेल्डिंगने एकमेकांत गुंतवून एकच पेटारा केला. मागच्या पाट्यांचा भार, पुढच्या सस्पेन्शनचे धक्के, चार माणसांचं वजन सगळं त्या पेटाऱ्यावर. गाडी हलकी झाली, रस्त्यावर चांगली बसली, पण तळाचा पत्रा हा आता गाडीच्या हाडांपैकी एक झाला.

वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली आणि ते गेले १९५३च्या एप्रिलमध्ये, म्हणजे जिनिव्हात ही गाडी लोकांपुढे आली त्याच सुमाराला. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे हीच गाडी नावं बदलत जवळपास अर्धं शतक बाहेर पडत राहिली. सुरुवातीची गोल नाकाची, जिला आपल्याकडे अजून डुक्कर फियाट म्हणतात, मग १९६४ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. जाळी बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला. १०८९ सीसीचं इंजिन आणि तळाची मूळ बांधणी मात्र तीच राहिली. म्हणून एका फियाटचा तळ नीट समजला की दुसरीचा रोग कुठे असेल ते मॅट उचलायच्या आधी सांगता येतं.

मी इथे जिच्याबद्दल लिहितो आहे ती १९७१ची डिलाइट. कलिन्याच्या एका ताईंची, त्यांच्या वडिलांनी नंबर लावून घेतलेली. २६ जुलै २००५ला ती इमारतीच्या आवारात उभी होती. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी कुर्ला-कलिन्यात शिरली. पाणी गाडीच्या सीटपर्यंत चढलं. ओसरल्यावर घरच्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. इंजिन उघडून साफ करून घेतलं, ऑइल बदललं, सीटना नवी कव्हरं घातली, मॅट उन्हात वाळवल्या. गाडी सुरू झाली आणि काही वर्षं चाललीही. मग वडील गेले, गाडी शेडखाली उभी राहिली. माझ्याकडे आली ती टोचन करून.

त्याआधी कुणीतरी ताईंना सांगितलं होतं की खाली एक शीट टाकून देतो, दोन दिवसांचं काम आहे. त्या मला म्हणाल्या, ‘‘दादा, वरून कार्पेट येणारच आहे ना? मग खालचं कोणाला दिसतंय?’’

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, ताई, आधी सगळं उघडून दाखवतो, मग तुम्हीच ठरवा.

सीट काढल्या. मॅट काढली. फेल्ट निघताना तुकड्यातुकड्यांत निघालं, कारण ते खाली गंजात रुतलं होतं. त्याखाली आवाज दाबण्यासाठी घातलेल्या डांबरी चादरी. या चादरी नव्या असताना पत्र्याला घट्ट चिकटून बसतात आणि तोवर चांगलं काम करतात. वीस-तीस वर्षांनी त्या कडक होतात, चिरतात, कडेने सुटतात. मग पाणी त्यांच्याखाली जातं आणि परत वर येत नाही. मी त्या खरवडून काढल्या तेव्हा या फ्लोअरवर आधी किती हात फिरले होते ते दिसायला लागलं.

सगळ्यात जुना जोड पितळेच्या डागाचा होता, तो स्वच्छ आणि सुबक. त्यावर गॅस वेल्डिंगने बसवलेली पट्टी. तिच्यावर जस्ताच्या डब्याचा उलगडून सरळ केलेला पत्रा, पॉप रिव्हेट मारलेला. त्यावर फायबरची जाळी आणि रेझिन, कोपऱ्यात एम-सील, आणि वरून सगळ्यावर डांबराचा जाड हात. ड्रायव्हरच्या पायाखाली असे पाच थर होते आणि पाचव्याच्या खाली मूळ पत्रा नव्हताच. थर एकमेकांना धरून होते एवढंच.

अशा जोडांबद्दल मला तुच्छतेने बोलवत नाही. मी शिकलो तेच असल्या कामावर. काळी-पिवळी टॅक्सी रात्री गॅरेजला यायची आणि पहाटे तिला स्टँडवर उभं राहायचं असायचं. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्या घरात त्या दिवसाची कमाई नाही. आमचे उस्ताद रात्रीतून पट्टी मारायचे, डांबर फासायचे, आणि ती पट्टी पुढचा पावसाळा काढायची. त्या गाडीला तेवढंच हवं होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. इतकी वर्षं त्या गाड्या धावत राहिल्या त्यात त्या रात्रीच्या पट्ट्यांचा मोठा वाटा आहे. पण आता ज्यांना ही गाडी पुढच्या पिढीला द्यायची आहे त्यांनी ती पद्धत चालवू नये. पट्टीच्या खाली जुना गंज तसाच राहतो, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी धरून ठेवायला त्याला नवी जागा मिळते.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सहापटीपर्यंत. त्यामुळे स्पॉट वेल्डने जोडलेल्या दोन पत्र्यांत तो शिरला की आतून त्यांना फाकवत जातो. बाहेरून रंगाला फक्त बारीक फुगवटा दिसतो. शिवाय तो सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि धरून ठेवतो, म्हणजे स्वतःच्या पुढच्या जेवणाची सोय तो स्वतःच करतो. त्यात समुद्राजवळची खारी हवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून मुंबईत पाऊस नसतानाही पत्रा पूर्ण कोरडा पडत नाही. पुण्या-नगरची फियाट आणि गिरगावची फियाट, दोन्ही एकाच वर्षाच्या असल्या तरी त्यांचे तळ मला वेगळे करून ओळखता येतात.

पत्रा कुठून खाल्लाय हे नीट पाहावं लागतं. वरची बाजू खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांची, आणि खालून रंग अजून शाबूत असेल तर पाणी आतून आलंय. खालून पापुद्रे सुटलेत आणि वरून पत्रा गुळगुळीत आहे, तर चाकाने उडवलेला चिखल कुठेतरी अडकून बसलाय. दोन्हीकडून सारखा पातळ झाला असेल तर तिथे बंद पेटी आहे आणि तिच्यात काहीतरी भरलंय. ताईंच्या गाडीत हे तिन्ही प्रकार होते. पुढे पायाशी वरून, मागच्या चाकाच्या पुढे खालून, आणि दाराखालच्या पेट्यांत, ज्यांना आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, आतून.

म्हणून मी काही कापायच्या आधी पाण्याची चाचणी घेतो. फ्लोअर कोरडा करून त्यावर खडूची भुकटी पसरतो. एक पोरगा आत बॅटरी घेऊन बसतो आणि मी बाहेरून नळी धरतो. पाणी खालून वर न्यायचं. आधी फक्त दाराच्या खालच्या कडेवर, मग दाराच्या काचेवर, मग पुढच्या काचेच्या खालच्या रबरावर, मग वरच्या कोपऱ्यांवर, सगळ्यात शेवटी छपरावर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून एकदम येतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबायचं, कारण पाणी आत दिसायला वेळ घेतं. डॅशबोर्डच्या मागून ते वायरींच्या जुडग्यावरून सरकत येतं आणि जिथून शिरलं तिथून हातभर लांब टपकतं.

पोरगा ओरडला तेव्हा नळी पुढच्या काचेच्या रबराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर होती. रबर दगडासारखं कडक झालं होतं. भुकटीतून एक ओघळ सरळ ड्रायव्हरच्या टाचेखाली गेला होता, बरोबर पाच थरांच्या जागी. म्हणजे इतक्या वर्षांत पट्टीवर पट्टी बसली आणि काचेचं रबर कुणी बदललं नाही. दुसरं पाणी दारांतून येत होतं. दाराच्या काचेवरून आत जाणारं पाणी तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं धुळीने आणि पानांच्या चुऱ्याने बुजली होती, त्यामुळे दार आतून भरायचं आणि आतल्या पॅडवरून फेल्टमध्ये झिरपायचं. बारीक तारेने ती मोकळी केली तेव्हा दारातून काळं पाणी धारेने आलं.

रनिंग बोर्डचं पाणी मात्र नळीने सापडणारं नव्हतं. मी तळाच्या कडेला भोक पाडलं आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला तर तो मऊ काहीतरी फोडत गेला. पेटी कापून उघडल्यावर आत गाळ होता. राखाडी, बारीक, थरांनी बसलेला, कागदाचे आणि प्लॅस्टिकचे कपटे अडकलेला. मिठीचा गाळ. पाणी ओसरलं, माणसांनी घरं धुतली, गाडी धुतली, पण या बंद पेटीत जो गाळ शिरला तो तिथेच राहिला आणि दर पावसाळ्यात ओला होऊन आतून पत्रा खात राहिला. ताई त्या दिवशी शेडवर आल्या होत्या. त्यांनी तो गाळ चिमटीत घेतला, चुरला, आणि मग कार्पेटचा विषय पुन्हा निघाला नाही. म्हणाल्या, ‘‘तुम्हाला जितका वेळ लागेल तितका घ्या.’’

कापण्याच्या आधीचं काम लोक घाईत उरकतात आणि तिथेच गाड्या बिघडतात. सडलेला असला तरी तो पत्रा गाडीचा आकार धरून असतो. तो काढला की पेटारा मोकळा होतो, बसतो, पिळतो, आणि मग त्या बसलेल्या आकारातच नवा पत्रा वेल्ड केला तर वाकडेपणा कायमचा होतो. दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. या गाडीत तर मागचं दार उचलून लावावं लागत होतं, म्हणजे मधला खांब आधीच खाली उतरला होता.

गाडी चार घोड्यांवर घेतली. चाकांवर किंवा नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीचा तळ कापायचा नाही, हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही कोपऱ्यांची पातळी जुळवली. मग ओळंबा सोडून तळाच्या ठरावीक जागांच्या खुणा खाली कोब्यावर उतरवल्या आणि कर्णाची मापं घेतली. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा सव्वा सूत जास्त निघाला, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आत. पन्नास वर्षांच्या आणि पुरात राहिलेल्या गाडीला हे मी चांगलंच समजतो. मधल्या खांबाखाली लाकडी फळी लावून जॅकने थोडं थोडं उचललं, दाराची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी होईपर्यंत. दार बोटाच्या दाबाने बंद व्हायला लागलं तेव्हा थांबलो आणि त्याच स्थितीत दाराच्या चौकटींत आणि दोन्ही मधल्या खांबांमध्ये चौकोनी पाइप टाके मारून बसवले. नवी बिजागरी घालायची गरजच पडली नाही. त्यानंतर एक बाजू कापायची, ती पूर्ण करायची, मग दुसरी. दोन्ही बाजू एकदम उघड्या ठेवायच्या नाहीत.

कापताना किती कापायचं यावरून प्रत्येक मालकाशी माझं बोलणं होतं, कारण डोळ्यांना दिसणारं भोक नेहमी लहान असतं. भोकाभोवतीचा पत्रा कागदासारखा झालेला असतो आणि त्यावर वेल्डिंग धरत नाही, नुसतं जळून मोठं भोक पडतं. तारेचा ब्रश मारून चकाकणारं, जाडीला पूर्ण असलेलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं आणि तिथून आणखी दोन बोटं पलीकडे रेघ मारायची. मेंबरवर स्पॉट वेल्ड होते तिथे ते एकेक ड्रिल करून पत्रा छिन्नीने सोडवला, म्हणजे खालचा मेंबर शाबूत राहिला. कापलेल्या जागेचे कोपरे गोल ठेवले. टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

परदेशात काही गाड्यांना या बाबतीत सोय आहे. फोक्सवॅगन बीटलचा तळ नटबोल्टने बॉडीला जोडलेला असतो आणि त्याचे तयार अर्धे भाग विकत मिळतात. एमजीबीच्या तर पूर्ण बॉडी १९८८पासून ब्रिटनमध्ये पुन्हा दाबून बनवल्या गेल्या, मूळ डाय सांभाळून ठेवल्या होत्या म्हणून. आपल्या फियाटसाठी तसं काही माझ्या हाती लागत नाही. पूर्वी मोडीत निघालेल्या टॅक्सीतून कापून आणलेला तुकडा मिळायचा, पण तोही नेमका त्याच जागी सडलेला असायचा. तेव्हा पत्रा घरीच घडवायचा.

पुठ्ठ्याचा फर्मा कापला, जागेवर बसवला, खुणा केल्या, पुन्हा कापला. फ्लोअरला वीस गेजचा सी. आर. पत्रा घेतला, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. आडव्या मेंबरला आणि रनिंग बोर्डच्या आतल्या भिंतीला अठरा गेज, सुमारे १.२. जास्त जाड पत्रा घाला म्हणजे पुन्हा सडणार नाही, असं बरेच मालक सुचवतात. मला ते पटत नाही. जाड पत्रा आणि मूळचा पातळ पत्रा एकत्र आले की सगळा ताण जोडाच्या कडेवर येतो आणि चीर तिथेच पडते. जस्ताचा पत्रा मी वेल्डिंगच्या कामाला घेत नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. माझ्याबरोबरच्या पोरांना असे ताप आलेले मी पाहिले आहेत.

सपाट पत्रा आणि फ्लोअर यांत मोठा फरक असतो तो उठवलेल्या नाळ्यांचा. मूळ फ्लोअरला लांब उठाव दाबलेले आहेत. त्यांच्यामुळे तेवढाच पातळ पत्रा ताठ होतो, पायाखाली दबत नाही आणि चालत्या गाडीत वाजत नाही. नुसतं सपाट शीट टाकलं की खड्ड्यात गाडी पत्र्याच्या डब्यासारखी बोलते. मी जुना तुकडा फेकून न देता समोर ठेवला, त्यावरून नाळीची रुंदी, खोली आणि दोन नाळ्यांमधलं अंतर घेतलं आणि सागाच्या फळीत तसे खाचे कोरले. पत्रा त्यावर आवळून लाकडी मोगरीने थोडा थोडा बसवत गेलो. एकाच ठिकाणी मारत राहिलं तर पत्रा ताणला जातो आणि बाकीचा पोट काढतो, म्हणून सगळी नाळ पाव सूत, मग पुन्हा पहिल्यापासून पाव सूत. या कामाला घाई चालतच नाही, आणि मला या सगळ्या दुरुस्तीत सर्वांत जास्त आनंद इथे होतो. पाणी जाण्याची भोकं जिथे मूळ होती तिथेच पाडली.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि फ्लोअरखालून येणारी पेट्रोलची नळी काढून शेडच्या बाहेर ठेवली. बॅटरी काढली, वायरी बाजूला बांधल्या. एक जण पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट घेऊन पलीकडच्या बाजूला नुसता बघत बसतो. वेल्डिंग करणाऱ्याला काचेतून पलीकडचं काही दिसत नाही.

सीओटू मशीनवर ०.८ची तार. पत्र्याच्या कडेला कड लावायची, एकावर एक चढवायची नाही, कारण चढवलेल्या जोडात पुन्हा तीच पाणी धरणारी फट तयार होते. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कोपऱ्यात, तिसरा मध्ये. मागून तांब्याची पट्टी धरली की उष्णता तिच्यात जाते आणि भोक पडत नाही. सलग ओढलेला वेल्ड दिसायला भारी दिसतो, पण इतक्या पातळ पत्र्याला तो आखडून टाकतो. टाके मारत राहायचं, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब बघायची, गार होऊ द्यायचं, मग दोन टाक्यांच्या मध्ये तिसरा. जिथे पत्रा मेंबरवर बसतो तिथे सहा-सात मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरली, मूळ स्पॉट वेल्ड जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर. पुढे पायाशी जिथे पत्रा वळतो तिथला जोड मी गॅसवर केला. गॅसचा जोड मऊ राहतो, त्याला हातोडी-डॉलीने बसवता येतं. सीओटूचा जोड कडक होतो आणि ग्राइंडर लावावा लागतो, त्यात पत्रा पातळ होण्याची भीती. उस्तादांनी शिकवलेलं गॅसचं काम म्हणूनच मी सोडलेलं नाही, आणि पोरांनाही शिकवतो.

रंगाबद्दल थोडक्यात. उरलेल्या बारीक गंजाला फॉस्फोरिक अ‍ॅसिड, मग धुऊन पूर्ण कोरडं, मग इपॉक्सी प्राइमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी करू नये, ते पाणी आरपार जाऊ देतं. सगळ्या जोडांवर सीलंट. रनिंग बोर्डच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारलं. खालून मात्र मी डांबर फासलं नाही. डांबराच्या जाड थराखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, आणि या गाडीची ही दशा निम्मी त्या न दिसण्याने झाली होती. खालून साधा रंग दिला, म्हणजे पुढे कुठे तांबडा ठिपका आला तर तो लगेच दिसेल.

ताईंना गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. केंद्राने २०२१ साली त्याचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. तेव्हा त्यांनी विचारलं, इतका पत्रा नवा घातला तर गाडी मूळ राहिली का? माझं मत मी सांगितलं. तीच जाडी, त्याच नाळ्या, तीच भोकं, तेवढ्याच अंतरावर जोड, आणि वेल्ड होईल तेवढा कमीत कमी नवा पत्रा. यात फेरफार काही नाही, ही दुरुस्ती आहे. याउलट जाड चौकोनी पाइप आडवे टाकून वर सपाट चादर मारली असती तर ती गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली राहिली नसती, मग वरचा रंग कितीही मूळ असो. प्रत्येक टप्प्याचे फोटो मी तारखेसकट काढून दिले आणि कापलेले तुकडे गोणीत भरून त्यांच्या हवाली केले. नोंदणीच्या वेळी कुणी विचारलं तर दाखवायला असावेत.

काच काढून नवं रबर बसवलं, दारांची भोकं मोकळी केली, आणि पुन्हा खडूची भुकटी पसरून तीच चाचणी घेतली, त्याच क्रमाने, खालून वर. या वेळी ताईंनी स्वतः आत बॅटरी धरली. पायाशी भुकटी कोरडी राहिली, दाराखालीही. डिकीत मात्र डाव्या मागच्या दिव्याच्या गॅस्केटखालून एक बारीक ओघळ आला. डिकीचा पत्रा अजून शाबूत आहे, फक्त रंग उडालाय.

तळाच्या भोकांतले रबरी बूच कुठे कुठे आहेत ते मी गाडीखाली पिवळ्या रंगाने खूण करून ठेवलं आहे. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास मॅट उचलायची, बूच काढायचे, दाराच्या खालच्या भोकांत तार फिरवायची. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, तार कुठली वापरायची. सायकलच्या ब्रेकची जुनी तार दिली त्यांना. मागच्या दिव्याचं गॅस्केट चोर बाजारात बघायला सांगितलंय. नाही मिळालं तर रबराच्या शीटमधून कापून घेऊ.